पत्त्यांचा डाव आणि आजीची माया

घरातील वडीलधारे माणूस प्रभूच्या घरी गेले की त्याच्याविषयी बोलण्यासाठी आपल्याकडे काही ठरलेली विशेषणे आहेत. प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू, मुलाबाळांसाठी झिजलेली, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने न पाठवणारी. ही विशेषणे खोटी असतात असे नाही. बहुधा ती खरीच असतात. परंतु ती इतक्या जणींना लागू पडतात की ज्या एका स्त्रीला आपण मातीआड करून आलो, तिचा चेहरा त्यांत दिसेनासा होतो. आमची आजी १९९७ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी वारली. तिच्या अंत्यविधीच्या वेळी हीच विशेषणे उच्चारली गेली आणि आम्हा नातवंडांना ती सारी पटली. मात्र तिच्या आयुष्यातील एका मोठ्या गोष्टीचा उल्लेख कोणीच केला नाही. आमची आजी पत्ते खेळत असे. आणि तेही वेळ घालवण्यासाठी नव्हे, तर जिंकण्यासाठी.

तो उल्लेख टळला हे स्वाभाविक होते. अशा प्रसंगी पत्त्यांचा विषय कोण काढणार? तरीही एक प्रश्न आमच्या मनात पुष्कळ वर्षे घोळत राहिला आहे. कुटुंबावरील माया आणि जिंकण्याची ईर्षा या दोन गोष्टी एकाच अंतःकरणात सुखाने नांदू शकतात काय? की त्यांतील पहिली हा सद्गुण आणि दुसरी ही त्या माणसाची एक उणीव, जी आपण प्रेमापोटी झाकून घ्यावी? वाचकहो, हा प्रश्न केवळ आमच्या आजीपुरता नाही. आपल्या प्रियजनांना आपण खरेपणाने आठवतो की सोयीने, असाही तो प्रश्न आहे.

आजीचा दिवस वसईतील कोणत्याही वाडीवाल्या घरच्या स्त्रीचा असे तसाच होता. पहाटे उठून विहिरीचे पाणी, मग केळीची व पानवेलीची देखभाल, हंगामात राजेळी केळी सोलून सुकेळीसाठी उन्हात मांडणे, आणि या सर्वांच्या जोडीला चार लेकरे, दोन दीर, सासू-सासरे यांचा संसार. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली, जेवणे उरकली, की ओटीवर चटई पडे आणि कंदिलाच्या, पुढे विजेच्या, उजेडात मेंढीकोटाचा डाव सुरू होई.

ज्यांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मेंढीकोट चौघांत खेळतात. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. प्रत्येकाला तेरा पाने. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन मेंढ्या येतील तिची सरशी. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात अधिक ते जिंकले. आणि चारही मेंढ्या एकाच जोडीने नेल्या तर समोरच्यांवर कोट चढला. खेळ सोपा दिसतो, पण कोणते पान पडले, कोणते कोणाकडे उरले असावे, भिडूने किलवरची तिर्री का टाकली, याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. आजीची शाळा तिसरीत सुटली होती. परंतु डावातील बावन्न पानांपैकी एकही तिच्या नजरेतून निसटत नसे.

खेळ पैशांवर नव्हता. चिंचोक्यांवर होता, आणि त्या चिंचोक्यांचा हिशेब एका जुन्या वहीत लिहिला जाई. धर्मग्रामाच्या सणानिमित्त एके वर्षी सभागृहात महिलांसाठी पत्त्यांची स्पर्धा भरली. आजी व तिची जाऊ या जोडीने ती जिंकली आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा बक्षीस आणला. पुढे आणखी काही वर्षे असे डबे घरी येत राहिले. नाती लग्न होऊन सासरी गेल्या तेव्हा प्रत्येकीच्या सामानात आजीने त्यांतला एकेक डबा घातला. सोन्यापेक्षा तिला त्या डब्यांचे अप्रूप अधिक होते, कारण ते तिचे स्वतःचे होते.

आम्ही नातवंडे सातआठ वर्षांची झालो की आम्हांला चटईवर जागा मिळे. पण सवलत मिळत नसे. आजी लहान मुलाला मुद्दाम जिंकू देत नसे. आमच्यातील एक धाकटा चुलतभाऊ सलग चार डाव हरला आणि रडू लागला. घरातील सर्वांनी आजीकडे रागाने पाहिले. तिने त्याला मांडीवर घेतले, डोळे पुसले आणि शांतपणे सांगितले, “बाळा, तू इस्पिकचा राजा लवकर टाकलास. उद्या थांबून बघ.” तिने त्याला पाठीवर घेऊन अंगणात फिरवले, गूळ दिला, गोष्ट सांगितली, मात्र खोटी जीत दिली नाही.

त्या वेळी हे आम्हांला कठोर वाटे. आज विचार करता वाटते की मुलाला मुद्दाम जिंकू देणारे मोठे माणूस खेळतच नसते. ते खेळण्याचे सोंग करीत असते. त्या सोंगात माया असते हे खरे, पण ‘तू अजून माझ्या बरोबरीचा नाहीस’ हेही असते. आजी मुलासमोर पूर्ण लक्ष देऊन बसे. तिच्या दृष्टीने तो आठ वर्षांचा मुलगा एक खरा खेळाडू होता. तो चुकू शकत होता, शिकू शकत होता, आणि एक दिवस तिला हरवूही शकत होता. तो दिवस आला तेव्हा त्याने कोणाला विचारले नाही की हे खरे की खोटे. त्याला ते ठाऊक होते. आपल्या प्रेमाच्या माणसाला त्याची जीत खरी आहे हा विश्वास देता येणे, यापरती मोठी भेट कोणती?

तथापि या आनंदावर एका मोठ्या संताने गंभीर आक्षेप घेतला आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पत्ते युरोपात चौदाव्या शतकात आले. फ्लॉरेन्स नगरात १३७७ सालीच त्यांवर निर्बंध घातल्याची नोंद आहे. १४२३ साली सिएनाचे संत बर्नार्डिन यांनी बोलोन्या शहरात जुगाराविरुद्ध प्रवचने दिली आणि लोकांनी आपले पत्ते आणून जाळले, असे सांगतात. परंतु सर्वांत विचार करायला लावणारे मत संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे आहे. १६०९ सालच्या आपल्या ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या ग्रंथात त्यांनी बुद्धिबळासारख्या कौशल्याच्या खेळांना, त्यांत फार वेळ जाऊ नये या अटीवर, मोकळीक दिली. फासे व पत्ते यांना मात्र दिली नाही. त्यांची कारणे तीन. या खेळांत लाभ श्रमाने वा बुद्धीने होत नाही, दैवाने होतो. त्यांत विश्रांती नसून मनाला सतत ताण असतो. आणि तिसरे कारण असे की या खेळातील आनंद केवळ जिंकण्याचा असतो. तो सोबत्याच्या हानीवाचून व दुःखावाचून मिळतच नाही.

हे तिसरे कारण मनाला बोचते. खरोखरच आजीच्या चेहऱ्यावर कोट चढवताना जे तेज येई, ते आमच्या पडलेल्या चेहऱ्यांवर पोसलेले होते काय?

आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जेथे पैसा लागलेला असतो तेथे संतांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. माझ्या खिशात जे आले ते तुझ्या खिशातून गेले, आणि कदाचित तुझ्या मुलांच्या ताटातून गेले. चिंचोक्यांच्या डावात हरणाऱ्याचे असे काय जाते? जे जाते ते क्षणाचे मानसिक सुख. आणि जे मिळते ते त्याला एकट्याने कधीच मिळाले नसते, ते म्हणजे स्वतः तो खेळ. प्रतिस्पर्धी नसेल तर डावच नाही. आजीला हे शब्दांत मांडता आले नसते, परंतु तिच्या वहीत ते नोंदलेले होते. स्वतः हरलेल्या काही डावांपुढे तिने पेन्सिलीने एक चांदणी काढलेली असे. त्या चांदणीचा अर्थ तिने एकदा सांगितला: त्या डावात समोरचे फार सुरेख खेळले होते. जिंकलेल्या डावांपुढे चांदणी नव्हती. दुसऱ्याचे कौशल्य आपल्यावर मात करीत असतानाही ते सुंदर आहे असे म्हणता येणे, याला आम्ही ईर्षा कसे म्हणावे?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात, आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात, खेळाविषयी जी शिकवण दिली ती याच बाजूची आहे. ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन ते म्हणतात की खेळकरपणा हाही एक सद्गुण असू शकतो; शरीराला जशी झोप तशी मनाला करमणूक आवश्यक असते. ते प्रेषित संत योहान यांची एक जुनी कथा देतात. शिष्यांबरोबर खेळताना योहान यांना पाहून कोणाला तरी धक्का बसला. तेव्हा त्यांनी एका धनुर्धाऱ्याला विचारले की तू सतत बाण सोडू शकशील काय. तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच, असे योहान यांनी सांगितले. परंतु अक्विनास तीन बंधनेही घालतात: खेळात अभद्र वा अपायकारक काही नसावे, मनाचा तोल पूर्णपणे जाऊ नये, आणि खेळ काळ, स्थळ व माणूस यांना शोभेल असा असावा. गंमत अशी की जो माणूस स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या आनंदात विघ्न आणतो, त्यालाही ते दोषी ठरवतात.

१९९२ साली प्रकाशित झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानेही (परिच्छेद २४१३) पत्त्यांसारखे खेळ मुळातच अन्यायाचे मानलेले नाहीत. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेसाठी जे लागते ते त्यांपायी जाऊ लागले की ते त्याज्य ठरतात. जुगाराची ओढ गुलामीत नेऊ शकते. आणि खेळातील फसवणूक हा गंभीर विषय आहे, असे हा ग्रंथ सांगतो. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ सालच्या एका निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. तीन पत्तीची गोष्ट न्यायालयाने निराळी धरली.

तो फरक आजीला न्यायालयाकडून शिकावा लागला नव्हता. आमच्याच आळीत एका घरची केळीची वाडी तीन पत्तीपायी गहाण पडली होती आणि त्या घरातील बाईने पदराआड नेलेले तांदूळ आजीच्याच डब्यातले होते. म्हणूनच आमच्या ओटीवर पैसा कधी आला नाही. एका पाहुण्याने गमतीने चार आण्यांचे नाणे चटईवर टाकले, तेव्हा आजीने ते उचलून त्याच्या हातात ठेवले आणि पत्ते पेटीत भरले. त्या रात्री खेळ झाला नाही. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतही ती पेटी कपाटात असे.

आता एक अवघड गोष्ट. घरात कोणी खेळत असते तेव्हा कोणीतरी राबतही असते. आमची आई या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिली काही वर्षे ओटीवर डाव रंगे आणि ती मागच्या पडवीत भांडी घाशी. एके दिवशी ती दारात येऊन एवढेच म्हणाली, “आई, तुमचा डाव मला रोज ऐकू येतो, दिसत मात्र कधी नाही.” आजीने उत्तर दिले नाही. हातातला डाव पुरा केला. दुसऱ्या दिवसापासून मात्र नियम बदलला: स्वयंपाकघर आवरल्यावाचून पत्ते पिसायचे नाहीत, आवरायला सर्वांनी लागायचे, आणि आदल्या रात्री हरलेल्या जोडीने भांडी घासायची, मग ती जोडी पुरुषांची का असेना. आमचे काका त्या काळात चुलीच्या राखेने पातेली घासताना दिसत आणि येणारे-जाणारे हसत. आई आजीची भिडू झाली. सासू-सुनेने एकमेकींकडे पाहून न बोलता एकमेकींच्या मनातले पान ओळखावे, असा तो संबंध पुढे पंचवीस वर्षे टिकला. एकाच्या विरंगुळ्यासाठी दुसऱ्याने झिजावे हा अन्यायच. अक्विनास यांनी घातलेल्या बंधनांत आम्ही आमच्या आईच्या शब्दांतून चौथे बंधन जोडू इच्छितो.

मग प्रीती आणि आसक्ती यांतील सीमारेषा कोठे ओढावी? आम्हांला पवित्र शास्त्रातील एका प्रसंगातून तिची खूण सापडते. कालवारीवर क्रुसाच्या पायथ्याशी शिपाई प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकीत होते. चिठ्ठ्या टाकणे हे स्वतः पाप नव्हते. प्रेषितांनीही मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली. शिपायांचे भयंकर पाप हे की हातभर अंतरावर एक मनुष्य प्राण सोडीत होता आणि त्यांची नजर खालच्या डावावरून वर उठली नाही.

आजीची नजर वर उठत असे. १९७४ च्या पावसाळ्यात एका रात्री डाव ऐन रंगात असताना शेजारच्या म्हातारबाबांना धाप लागल्याचा निरोप आला. आजीने हातातली पाने पालथी ठेवली, त्यांवर एक वाटी उपडी घातली, इतर तिघांनाही तसेच करायला सांगितले आणि ती पावसातून निघून गेली. म्हातारबाबा पहाटे वारले. तीन दिवस आजी त्या घरी होती. तिने तेथे चूल सांभाळली, रडणाऱ्यांना धीर दिला, रात्री रोझरी सांगितली. ते तीन दिवस आमच्या ओटीच्या कोपऱ्यात चार वाट्यांखाली चौघांची पाने तशीच पडून होती. मुले घरात होती, मोठी माणसे होती. कोणीही वाटी उचलून पाहिली नाही. चौथ्या दिवशी डाव जेथे थांबला होता तेथून पुढे सुरू झाला आणि आजी तो हरली. प्रीती कोणती आणि आसक्ती कोणती हे ज्यांना ओळखायचे असेल, त्यांनी पाने पालथी ठेवता येतात की नाही एवढेच पाहावे. ती ठेवून उठता येत असेल, आणि परत येईपर्यंत त्यांना कोणी हात लावणार नाही असा विश्वास घरात असेल, तर त्या घरी पत्ते कोणाचे काही बिघडवीत नाहीत.

आज पत्ते चटईवरून उठून हातातल्या फोनमध्ये गेले आहेत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेने संमत केला. खेळ कौशल्याचा की दैवाचा हा भेदही त्यात ठेवलेला नाही. त्या कायद्याची कायदेशीर बाजू जाणकार पाहतील. आम्हांला एवढेच दिसते की फोनमधल्या डावात समोरच्याचा चेहरा नसतो. तो रडला तर मांडीवर घेता येत नाही. तो सुरेख खेळला तर त्याच्या नावापुढे चांदणी काढता येत नाही. याच्या उलट चित्रही आहे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या अनुक्रमे ६० व ५६ वर्षांच्या भारतीय जोडीने सुवर्णपदक मिळवले. त्याच चमूत रिटा चोक्सी या ७९ वर्षांच्या बाईही होत्या. ज्या वयात आपण घरच्या म्हाताऱ्या माणसाला ‘आता जप करा, शांत बसा’ असे सांगतो, त्या वयात कोणीतरी देशाच्या वतीने पत्ते हाती घेऊन बसते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपल्या समाजात स्त्रीची थोरवी तिने काय काय दिले यावरून मोजली जाते. तिला काय आवडत होते हे क्वचितच विचारले जाते. त्यागाचे मोल आम्ही कमी करीत नाही. परंतु ज्या स्त्रीचा केवळ त्यागच आपल्याला आठवतो, तिला आपण पुरते पाहिलेले नसते. आजीचे पत्ते हा तिच्या मायेला लागलेला डाग नव्हता, की तिच्या कष्टांतून काढलेली पळवाटही नव्हती. जे लक्ष ती पानांना देई तेच ती माणसांना देत होती: कोण काय हातात धरून बसले आहे, कोणाकडे काय उरले आहे, कोणाचे काय सरले आहे. म्हणून आमच्या वाचक कुटुंबांना एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण कराल तेव्हा, घरी परतल्यावर, मुलांना त्यांच्या कष्टांबरोबर त्यांचे छंदही सांगा. ती कशाने हसत, कशासाठी हट्टाने बसत, कोणत्या डावात हरल्यावर दुसऱ्या दिवशीही त्याच डावाविषयी बोलत. आणि जी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांच्यासमोर चटई टाकून बसा. त्यांना मुद्दाम जिंकू मात्र देऊ नका.